च्वांगकाका ओरडले नाहीत

च्वांगकाका ओरडले नाहीत, आणि बीयुनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

ताइनान शहरातल्या पाय दाबून देण्याच्या त्या दुकानात ती बावीस वर्षं लोकांचे तळवे दाबत होती. दुखेल त्या जागेचा अवयव बिघडलेला, दुखणं थांबलं की अवयव सुधारला, हा तिथला साधा नियम. त्यामुळे गिऱ्हाईक जितकं बोंबलेल तितकं समाधानाने घरी जायचं. बोंबलण्यात तर निवृत्त बसचालक च्वांगकाकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर मंगळवारी दुपारी ते खुर्चीत बसले की पलीकडच्या चहावाल्यालाही कळायचं.

आज आल्याच्या गरम पाण्यातून काकांचे पाय काढून तिने बोटाचं पेर तळव्यात रोवलं. काका टीव्हीतल्या सुनेला नावं ठेवत होते. तिने आणखी जोर लावला. सुनेचा उद्धार चालूच राहिला.

"दुखतंय का, काका?"

"छे! गेल्या वेळीही कमीच दुखलं. बरा झालो मी, पोरी. तुझ्या हाताला यश आहे!"

"नशीबवान हो तुम्ही," शेजारच्या खुर्चीतून लिनकाकू म्हणाल्या. "इथे माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत."

"मधुमेहाच्या गोळ्यासुद्धा सोडल्या," म्हणत काकांनी पिशवीतून अननसाच्या वड्यांचा डबा काढला. "घ्या, तोंड गोड करा सगळ्यांनी!"

मालकांनी टाळ्या वाजवल्या. बीयुनने वडी घेतली आणि तशीच बाजूला ठेवली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा तळवाही असाच मुका झाला होता. तेव्हा हीच बीयुन आनंदाने गल्लीभर सांगत फिरली होती, माझ्या हातांनी बरा केला म्हणून. मग त्याच्या बुटातून एक खिळा निघाला. तीन दिवस तो त्यावर चालला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. जखम चिघळून पाय कापावा लागला. दुकानात मात्र तिने स्कूटरचा अपघात सांगितला होता.

आता खरं बोलावं तर बावीस वर्षांच्या हातगुणावर पाणी. गप्प बसावं तर काकांचा पाय. तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी तिला राहवेना.

"काका, डोळे मिटा. कुठलं बोट धरलंय, ओळखा."

काकांनी हसत डोळे मिटले. बीयुनने त्यांच्या पायाचा अंगठा मुठीत धरला आणि जीव खाऊन पिळला.

"अगं, धर की," काका म्हणाले. "किती वाट बघायची?"

लिनकाकूंचा घास तोंडातच राहिला.

"धरलंय, काका." बीयुनने मालकांकडे मान वळवली. "मालक, माझ्या नवऱ्याचा पाय स्कूटरखाली नाही गेला. तो पायही असाच बधिर होऊन गेला. तू बरा झालास असं मीच त्याला सांगितलं होतं."

काकांनी डोळे उघडले. आपल्या अंगठ्यावर आवळलेली तिची मूठ आणि पांढरी पडलेली तिची पेरं ते बघत राहिले.

"अजून जोरात दाब ना, पोरी," ते हळूच म्हणाले. "अजून जोरात."

तिने दाबलं नाही. तिने त्यांचे बूट उचलले, आत हात घालून टोकापर्यंत चाचपले, आणि मग स्वतःच त्यांच्या पायांत घातले. दवाखाना पाच वाजेपर्यंत उघडा होता.