आगओक्याचा दाखला

भिंगरी नववीत गेली आणि चर्चच्या मागच्या खोलीतला रविवारचा छोट्यांचा वर्ग तिच्याकडे आला. तिचा आनंद गगनात मावेना. तिने लगेच एक गोष्ट रचायला घेतली. तोंडातून आग ओकणारा एक पंखवाला राक्षस, नाव आगओक्या. तो शिंकला की जाळ, जांभई दिली की धूर. एक गिरणीवाल्याची पोरगी सोडली, तर सगळं गाव त्याच्या जिवावर उठलेलं. मुलं असे कान टवकारून ऐकायची की मध्ये कुणी खोकलं तर त्याची धडगत नसे.

मग एका संध्याकाळी शिवणकाकू घरी आल्या. गळ्यात टेप, बाहीला चिकटलेले दोरे, म्हणजे मशीनवरूनच उठून आल्या होत्या. भिंगरीचे बाबा त्या चर्चचे पाळक, त्यामुळे तक्रारी थेट घरी यायच्या. काकूंची लेक ठमी याच वर्गात होती. आदल्या रात्री झोपायच्या प्रार्थनेत ती म्हणाली होती, "देवा, आगओक्याच्या घशात फार जळतं. त्याला गार पाणी दे."

भिंगरीला हसू फुटलं, पण काकूंचा चेहरा बघून तिने ते गिळलं. काकू चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. पोरगी आगओक्याला खराच समजते, त्या म्हणाल्या. उद्या तो खोटा निघाला की ज्याच्याकडे पाणी मागितलं तोही तिला खोटाच वाटेल. मग मी तिला काय सांगू?

बाबांनी दोघींना समोर बसवलं. शेवटी ठरलं ते असं. येत्या रविवारी भिंगरीने मुलांना सगळं खरं सांगायचं, काकूंच्या समोर. ठमीचा गोंधळ मिटला तर ठीक, नाहीतर रचलेल्या गोष्टी बंद.

आठवडाभर भिंगरीच्या डोक्यात तेच. गोष्टी बंद झाल्या तर तिला रडू येणारच होतं, पण ठमीच्या तोंडावर 'तो नाहीच' म्हणायचं कसं? तिने आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं. आरशाला तरी ते पटलं.

रविवारी काकू मागच्या बाकावर बसल्या. बाबा एका बुटक्या खुर्चीत, गुडघे पार हनुवटीला लागलेले. भिंगरीने घसा साफ केला आणि पाठ केलेलं सगळं भुर्रकन उडून गेलं.

"आगओक्या खरा नाही," ती म्हणाली. "मी मनाने रचलं त्याला."

ठमीचा खालचा ओठ हळूहळू पुढे यायला लागला. घाईघाईने भिंगरीने विचारलं, प्रभू येशू लोकांना गोष्टी सांगायचा, हरवलेल्या मेंढराची वगैरे, त्यांना काय म्हणतात? दाखले, असा एकच गलका झाला.

"माझ्या दादाकडे पण आहे," पुढच्या बाकावरचा ढब्बू म्हणाला. "शाळा सोडली तेव्हा दिला. येशू पण शिक्का मारून द्यायचा का?"

बाबा इतके हसले की खुर्ची करकरली. भिंगरीला मात्र हसता हसता काहीतरी सापडलं.

"ढब्बू, तो कागद म्हणजे शाळा का रे?"

"ताई, कागदात शाळा कशी मावेल?" ढब्बूला तिची कीव आली. "दादा खरंच शाळेत होता, हे त्यावरून कळतं."

"मग हेही तसंच." भिंगरी ठमीसमोर खाली बसली. "ते मेंढरू गोष्टीतलं. पण हरवलेल्याला देव शोधत येतो, हे त्यावरून कळतं, आणि ते खरं आहे. आगओक्याही गोष्टीतला. पण आतून जळतं म्हणून दुसऱ्यांवर जाळ काढणारी माणसं खरी असतात. त्यांच्यावर माया करावी, हेही खरं."

ठमीने ओठ मागे घेतला. "मग मी मागितलेलं पाणी कुणाला मिळालं?"

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

"ते मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "पण देवाने ऐकलंय. आता कुणाला द्यायचं, तूच सांग त्याला."

"आईला," ठमी म्हणाली. "काम फार असलं की ती माझ्यावर आग ओकते. मग मशीन चालवता चालवता रडते. तिचा घसा जळत असेल."

मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. भिंगरीला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. मागचा बाक सरकल्याचा आवाज आला, काकू उठल्या, आणि गोष्टी संपल्या असं तिने गृहीतच धरलं.

काकू पुढे आल्या. मुलांच्या बाकावर ठमीला खेटून बसल्या आणि लेकीला कुशीत ओढून घेतलं.

"ती गिरणीवाल्याची पोरगी त्याच्या गुहेत गेली," मग त्या जड आवाजात म्हणाल्या, "त्याच्या पुढे काय झालं? ही घरी मला विचारते, आणि मला सांगता येत नाही."

सगळे भिंगरीकडे बघायला लागले, बाबासुद्धा. आणि पुढचं तर तिने अजून रचलंच नव्हतं.

"गुहेत गेल्या गेल्या," तिने एक मोठा श्वास घेतला, "पोरीने आधी काय केलं, तर आगओक्याला म्हणाली, बस बाबा, दमला असशील."