आबांची बॅटरी

वाटीतलं पिठलं तसंच होतं, भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता. ज्योत्स्नानं आत-बाहेर हाका मारल्या.

आठ वाजता तिनं सासऱ्यांना, श्रीपतीआबांना, इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं होतं. "लगेच जेवा हं," असं बजावून ती पौर्णिमेचं अष्टशील, म्हणजे दिवसभराचं आठ नियमांचं व्रत, घ्यायला जळोचीच्या बुद्धविहारात गेली. अर्ध्या तासात परतली, तर आबा घरात नाहीत. हल्ली त्यांना वाटा आठवत नसत. त्यात इंजेक्शन घेतलेलं आणि पोट रिकामं. कुठंतरी चक्कर येऊन पडले तर?

फोन त्यांच्या खिशात होता, वाजतही होता. पण उचलणार कोण? 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्या एका भामट्यानंतर तिनंच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, फोन उचलायचा न्हाय, कुणाचाबी. बाकी सगळं विसरले, तेवढं मात्र ध्यानात राहिलं.

नवरा बुद्धघोष मोटारसायकलवर गल्ल्या, दवाखाने पालथे घालत होता. आबांचा ठावठिकाणा मोबाईलवर दिसेल असं काहीतरी लावायचं तो महिनाभर 'उद्या बघू' म्हणत आला होता.

तिची नजर खुंटीवरच्या हिरव्या टोपीवर गेली. 'शिवारसखा' या खत-बियाण्यांच्या दुकानानं ती फुकट दिली होती, आणि त्या बदल्यात आबांच्या फोनवर ॲप घातलं होतं. दुकानाच्या आसपास गेलं की फोन टिंग करायचा, कुपन यायचं, आबा आत शिरायचे. टोपीपायी त्यांनी गरज नसताना खताच्या दोन गोण्याही आणल्या होत्या. म्हणजे आबा कुठं आहेत ते घराला माहीत नसलं, तरी दुकानाला माहीत असणार!

बारामतीच्या दुकानात ती धापा टाकत पोचली तेव्हा साडेदहा झाले होते.

"गिऱ्हाईक कुठं हाय ते दुसऱ्याला सांगता येत न्हाय, ताई," काउंटरवरचा विकी म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आबांनीच पाठवलंय म्हणा की. तेवढं म्हणा, लगेच बघतो."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण खोटं बोलणार नाही असं सकाळीच विहारात हात जोडून म्हटलं होतं. भिंतीवरचं घड्याळ पळत होतं.

"न्हाय, दादा. त्यांनी न्हाय पाठवलं. हरवलेत ते. इन्सुलिन घेऊन उपाशी फिरतायत."

विकीचा चेहरा उतरला. त्यानं कॉम्प्युटर पुढं ओढला.

"इंदापूर. तिथल्या आपल्या दुकानापासनं किलोमीटरभरात हायत. गल्ली दिसत न्हाय."

इंदापूर! म्हणजे आबा एसटीत बसले असणार. गाडी काढली तरी तासाची वाट.

"तुमी नुसतं 'हो' म्हणाला असता, तर एवढं सांगून मोकळा झालो असतो," विकी पुटपुटला. "थांबा. आबांना काय आवडतं?"

"फुकटचं," ती पटकन बोलून गेली.

त्या घाईतही विकीला हसू फुटलं. त्यानं भराभरा टाइप केलं: 'श्रीपतीराव, नवी बॅटरी मोफत. फक्त पंधरा मिनिटं. इंदापूर दुकानात या.' बटण दाबलं आणि तिथल्या अंजलीला फोन लावला. "फुकट बॅटरीचं कुपन घेऊन एक म्हातारे आले की आधी साखरपाणी दे. बॅटरी मागनं."

पडद्यावर अक्षरं उमटली, 'कुपन उघडलं.'

पुढं काहीच नाही. पाच मिनिटं गेली. सात. ज्योत्स्नानं बुद्धघोषला फोन करून इंदापूर सांगितलं. तो त्या रस्त्याला लागला.

विकीचा फोन वाजला. त्यानं तो मोठ्यानं ऐकू येईल असा काउंटरवर ठेवला.

"आलेत!" अंजली ओरडली. "घामानं भिजलेत, हात थरथरतायत. पण पितायत. आधी बॅटरी दे म्हणून भांडत हुते."

ज्योत्स्ना काउंटरवरच्या फोनवर वाकली. "त्यांना द्या ना फोन."

पलीकडं खुडबुड झाली. अंजली समजावत होती, "आबा, तुमची सून हाय, बोला की."

"न्हाय," लांबून आबांचा आवाज आला, थकलेला पण ठाम. "फोन घ्यायचा न्हाय. सूनबाईनं सांगितलंय."