डावी टाच

“परत डावीच! उजवी बघा, कालच दुकानातून आणल्यासारखी. डावी मात्र बाहेरच्या अंगानं पार खाऊन टाकलीय. चालतो का नांगरतो, कोण जाणे,” भिकू स्वतःशीच पुटपुटला.

अलिबागच्या एसटी स्टँडशेजारी ताडपत्रीखाली बूट-चपला दुरुस्त करत बसणाऱ्या भिकूला वाटलं होतं, सोनूबाईकाकी अजून पलीकडं फुलवालीशी घासाघीस करतायत. सोनूबाई त्याच्या पाठीमागंच उभी होती. तिनं ऐकलं आणि बूट शेजाऱ्याचे असावेत तसं तोंड केलं.

“रबर हलकं असंल,” ती म्हणाली.

भिकू ओशाळला. “व्हय काकी. रबरच हलकं.”

रबराला तोंड नव्हतं म्हणून बरं. तिच्या मुलाचा, अल्पेशचा, डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच कमी होता आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नऊ वर्षांचा असताना तो जांभळीवरून पडला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. सोनूबाईनं कुणाचं तरी ऐकून त्याला हाड बसवणाऱ्याकडं नेलं. हाड बसलं, पण आपल्या मर्जीनं बसलं. त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. घरात त्याबद्दल अक्षर निघत नसे. अंगणात पोरं लंगडी खेळायला लागली की सोनूबाई त्यांना खालच्या आळीत पिटाळायची. लग्नाच्या बायोडाटात अल्पेशची उंची, रक्तगट, दोन टेम्पो, सगळं छापलं होतं. पायाचा रकाना त्यात नसतोच. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा तिघांनीही पत्रिकेला दोष देऊन टाकला.

परवा म्हसळ्याला तिसरी मुलगी बघायला जायचं होतं.

सोनूबाई खाली वाकली. “भिकू, टाचा नव्या घालशील तवा... डावीला जरा...” पुढचं तिनं चिमटीनं दाखवलं.

“अर्धा इंच. पाव बाहेरून, पाव आतून, म्हंजे दिसायचं न्हाय. काल दादा सांगून गेले की, बूट येतील तवा असं कर म्हणून.”

“कोण, हे?”

“व्हय. आता तुमी बी सांगितलंत म्हणून दोनदा नको ना घालू? पोरगा उजवीकडं कलंडंल.”

हसू यायला हवं होतं, आलं नाही. नवराही असाच इकडंतिकडं बघत आला असेल, अशीच चिमूट दाखवून गेला असेल, या विचारानं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

संध्याकाळी अल्पेशनं बूट घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. चाल सरळ पडत होती.

“भिकूचा हात चांगला हाय,” त्याचा बाप दत्तात्रेय छपराकडं बघत म्हणाला.

“रबर चांगलं घातलंय,” सोनूबाई म्हणाली.

अल्पेशनं आधी आईकडं पाहिलं, मग बापाकडं. “व्हय. पकड चांगली हाय.”

एवढंसं खोटं, पण तिघांनी सारखं वाटून घेतलं.

म्हसळ्याला गाडीतून उतरल्यावर रस्त्यापासून मुलीच्या दारापर्यंत अल्पेश असा चालला की मागून येणाऱ्या सोनूबाईचा ऊर भरून आला. ओट्याखाली चपलांची रांग होती. दत्तात्रेयनं चपला काढल्या, तिनं काढल्या. आणि अल्पेश पायरीवरच थबकला.

तिघांनी दोन दिवस त्या टाचेशिवाय कशाचा विचार केला नव्हता. बूट दारात काढावे लागतात, हे मात्र एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. एकदा मोकळेपणी बोलले असते तर कुणाला तरी सुचलं असतं. पण बोलायचंच नव्हतं, तर सुचणार कुठून?

अल्पेश वाकून नाडीशी झटू लागला. सुटलेली गाठ परत बांधी, परत सोडी. मान काही वर करीना. आतली माणसं ताटकळली.

“ऱ्हाऊ द्या हो पाव्हणं, बुटासकट या! आजकाल कोण बघतंय?” मुलीचे वडील, धर्मादादा, मोठ्या मनानं म्हणाले.

“हां, चल चल. एवढं म्हणतायत तर,” दत्तात्रेयनं लगबगीनं री ओढली.

अल्पेश उंबरा ओलांडून आत आला. नुकत्याच पुसलेल्या लादीवरून, देव्हाऱ्यासमोरून नव्या टाचा टकटक करत गेल्या. अख्ख्या घरात पायात बूट असलेला तो एकटा. कोपऱ्यातल्या म्हातारीनं देवाकडं बघून हात जोडले, पण पाहुण्याला कोण बोलणार? अल्पेश बसला आणि त्यानं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. कान लालबुंद झाले होते त्याचे.

बावीस वर्षं सोनूबाई समजत होती, आपण पोराची लाज झाकतोय. लाज तिची होती. ती घेऊन चालत मात्र तो होता.

मुलगी, रुचिता, पोह्यांचा ट्रे घेऊन अनवाणी आली. लादीवर उमटलेल्या मातीच्या ठशांना वळसा घालून तिनं पहिली बशी अल्पेशसमोर धरली.

“थांब पोरी,” सोनूबाई म्हणाली.

दत्तात्रेय मोठ्यानं खाकरला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

“पोहे मागनं दे. आधी ऐकून घे. माझा अल्पेश लंगडतो.”