चार नंबरचं बाळ

बाईंनी चार नंबरच्या बाळाला टेबलावर पालथं घातलं, पाठीवरचं झाकण नखाने उचकटलं आणि आत वायर खुपसली. बाळ रडतच होतं. संगणकाला जोडलं की त्याने गप्प बसावं असा नियम, पण आज वायर दोनदा काढून घालावी लागली, तेव्हा कुठे कार्ट्याचा आवाज बंद झाला. प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नेहमीप्रमाणे थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बावन्न. नव्वदपैकी," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या हातातले दहा, त्यातले तुला तीन दिलेत. झाले पंचावन्न. साठ लागतात, माहीत आहे ना?"

समोर मुंगी उभी होती. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण सगळा वर्ग तिला मुंगीच म्हणायचा, कारण ती अंगाने बारीक होती आणि तिच्या हातात कायम काहीतरी ओझं असायचं. गेले दोन दिवस ते ओझं म्हणजे हे रबरी बाळ होतं. बालसंगोपनाच्या वर्गातल्या प्रत्येकीने एकेक बाळ दोन दिवस घरी नेऊन सांभाळायचं, हीच शेवटची परीक्षा. बाळाच्या पोटातलं यंत्र सगळं टिपून ठेवायचं.

"बाई, हे बाळ बिघडलंय."

"वाटलंच. दर तुकडीत एकीचं बाळ बिघडलेलं असतंच."

"खरंच बाई. दूध पाजलं, ढेकर काढला, डायपर बदलला, झुलवलं. तरी रडतंच. शेजारचे दार वाजवून गेले."

"मनगटावरची पट्टी बांधली होतीस? ती बाळाच्या छातीला टेकवल्याशिवाय तू उचललंस हे त्याला कळणार कसं?"

"आंघोळीलासुद्धा काढली नाही." मुंगीचा आवाज चिरकला. "बाई, सोमवारी दहा वाजता मला पाळणाघरात हजर व्हायचंय. प्रमाणपत्र नसेल तर ते दुसरीला घेणार आहेत."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षं त्या या सहा बाळांना आणि त्यांच्या आयांना तोंड देत होत्या. कुणी बाळ पिशवीत उलटं कोंबून आणायचं, कुणी आवाज येऊ नये म्हणून पोटाला चिकटपट्टी लावायचं, आणि गुण कमी पडले की सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. एवढ्यात प्राचार्यांनी दारातून डोकं आत घातलं. त्यांना घरी जायची घाई होती.

"बाई, बिघडलं होतं म्हणून लिहून टाका ना. पोरीचं कशाला नुकसान?"

"न बघता लिहू? तेवढं माझ्याच्याने व्हायचं नाही." बाईंनी बाळ उचलून आपल्या पिशवीशेजारी ठेवलं. "मी घरी नेते हे. स्वतः पट्टी बांधते. बिघडलेलं निघालं तर सोमवारी सकाळी सही करते. नाही निघालं तर नाही."

अकरा वर्षांत एकही बाळ बाईंच्या घरी गेलं नव्हतं. वर्गात पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक झालं की त्या बटण बंद करून बाळ मांडणीवर ठेवून द्यायच्या.

घरी दोन महिन्यांची नात होती, आणि तिची आई म्हणजे सूनबाई. बाईंचा वर्ग तिथेही चालूच असायचा. "मान, मान धर!" "एवढं खांद्यावर घेऊन फिरू नकोस, सवय लागेल." "रडतेय तर कारण शोध, नुसती उभी काय राहतेस?" सूनबाई प्रत्येक वेळी "हो आई" म्हणायची. अलीकडे ते "हो आई" फार कोरडं झालं होतं. पुढच्या आठवड्यापासून थोडे दिवस माहेरी जाते, असं ती परवाच म्हणाली होती, आणि ते किती दिवस हे विचारायचा बाईंना धीर झाला नव्हता.

रविवारी सकाळी बाईंनी पट्टी बांधली आणि बटण चालू केलं. बारा वाजेपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम चाललं. जेवण झालं, मुलगा बाजारात गेला, सूनबाई नातीला घेऊन खोलीत कलंडली, आणि चार नंबरने जो सूर लावला तो लावलाच. बाईंनी दूध पाजलं. ढेकर काढला. डायपर बदलला, मग तोच चुकीचा बसला असेल म्हणून पुन्हा बदलला. झुलवलं, थोपटलं, गॅलरीत नेलं, परत आणलं. बाळ जरा थांबे आणि बाई खुर्चीला टेकल्या की दुप्पट जोराने सुरू होई.

"अरे, काय हवंय तरी काय तुला?" बाई ओरडल्या. "सांग की मेल्या!"

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण रबराशी भांडतोय, आणि त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की त्यांनी बाळाला उचललं, कपाट उघडलं, दोन रजयांच्या मध्ये त्याला सारलं आणि दार लावून घेतलं. वर कडीही घातली. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि भिंतीकडे बघत सावकाश प्यायला. आवाज येत होता, पण लांबून. त्यांनी आणखी अर्धा कप ओतून घेतला.

सूनबाई दारात येऊन उभी राहिली. नात तिच्या खांद्यावर पेंगत होती.

"आई, कपाट रडतंय."

"सगळं करून झालं माझं," बाई म्हणाल्या. "दूध झालं, ढेकर झाला, सगळं. बिघडलंय ते."

सूनबाईने आत जाऊन कपाटाची कडी काढली, एका हाताने बाळ बाहेर ओढलं आणि परत येऊन सासूच्या खांद्यावर आडवं टाकलं.

"आता काय करू?"

"काही नाही. धरून ठेवायचं."

"पण कारण..."

"कधी कधी नसतंच कारण. आपणहून थांबतं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"हिने," सूनबाई नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, दोघींच्या खांद्यावर एकेक. नातीची मान जराशी कलली होती. बाईंचं तोंड उघडलं, आणि मग त्यांनी ते मिटलं. चाळीस मिनिटांनी चार नंबर गप्प झालं. बाईंचा खांदा भरून आला होता, डोळेही. सूनबाईने ते बघितलं आणि चहाचं भांडं पुन्हा गॅसवर ठेवलं.

सोमवारी बाई शिपायाच्याही आधी शाळेत पोचल्या. वायर जोडली, कागद आला. शेवटच्या ओळीत सत्तेचाळीस. खाली यंत्राने स्वतःची तपासणी करून लिहिलं होतं: बिघाड नाही. मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी कागद वरून वाचायला घेतला. एकूण रडणं किती मिनिटं, त्यात कारणाशिवायचं किती. आणि मधोमध एक ओळ: रडताना एकटं सोडलं, बावीस मिनिटं. त्यांनी खणातून मुंगीचा कागद काढला. कारणाशिवायचं रडणं दोनशे ऐंशी मिनिटं. एकटं सोडलं, शून्य. दोन दिवसांत शून्य. यंत्राने रडण्याचे गुण कापले होते, आणि बाईंनी वर आपल्या हातातले सात.

नऊला मुंगी आली. केस चापून बसवलेले, इस्त्रीचे कपडे.

"बिघडलेलं होतं ना, बाई?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. प्राचार्य खूश, मुंगी खूश, आणि तो दुसरा कागद फाडून टाकता आला असता.

"नाही," बाई म्हणाल्या. "ठणठणीत आहे."

मुंगीने मान हलवली. पिशवी खांद्याला लावली आणि ती वळली.

"अगं, निघालीस कुठे? बस इथे. हे वाच."

बाईंनी दोन्ही कागद तिच्यापुढे सरकवले. मुंगीने आपला ओळखला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे सत्तेचाळीस कुणाचे?"

"माझे."

मुंगीचं बोट ओळींवरून वर गेलं आणि मध्येच थांबलं. "बावीस मिनिटं कुठे ठेवलं होतं, बाई?"

"कपाटात."

मुंगी हसली नाही. "मलाही दोनदा वाटलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण आमच्या कपाटाला दार नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. तिच्या प्रमाणपत्राच्या अर्जावरचे तीन खोडले, शेजारी दहा लिहिले, बेरीज केली आणि सही ठोकली.

"बासष्ट. पळ आता, पहिल्याच दिवशी उशीर नको. आणि कपाटाचं वर्गात कुठे बोललीस, तर गाठ माझ्याशी आहे."