लोणी लागलेले बोट

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालण्याचा नव्हे, बोटाला लावण्याचा. माझ्या एका जबड्यात तांबडा दिवा आहे आणि दुसऱ्यात तो पाहणारा डोळा. बोटातून आरपार आलेल्या उजेडावरून रक्तात प्राणवायू किती आहे, हे मी आकड्यात दाखवतो. आकडा शंभराजवळ असावा. नव्वदच्या खाली गेला की मी ओरडतो. एवढेच मला येते.

लोवेच गावातील मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षे आहे. घाबरणाऱ्या मुलांना गुंगीचे औषध देऊन दात काढतात, तेव्हा मी त्यांच्या बोटावर बसतो. पूर्वी इथे डॉक्टर कालिना होत्या. त्या मला आधी स्वतःच्या बोटाला लावून पारखत. प्रत्येक पालकाला त्या बजावत, "सकाळपासून काय खाल्लं? मान हलवू नका, तोंडाने सांगा." गुंगीत पोटातले अन्न उलटून श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून सहा तास पोट रिकामे हवे. त्या निवृत्त झाल्या आणि डॉक्टर प्लामेनोव आले. ते इथलेच, परंतु अठरा वर्षे जर्मनीत राहिलेले.

मार्चमधल्या एका सकाळी सहा वर्षांची झोर्नित्सा आली. उपाशी ठेवण्याच्या सूचनेचा कागद आईला दिला होता. पण आई कामावर गेली आणि मुलीला त्सोन्का आजीने आणले. दार उघडेच होते. बाहेरच्या बाकावर आजी शेजारणीला सांगत होती, "म्हणे सहा तास उपाशी! पोर आहे का उंट? मी चांगले दोन तुकडे बानित्सा चारली, चीज भरलेली, लोण्याने थबथबलेली. तेव्हा कुठे हिचे डोळे उघडले!"

मी ऐकले. पण ओरडायला मला आकडा लागतो. ऐकलेल्या गोष्टीवर मला ओरडता येत नाही.

डॉक्टरांनी विचारले, "आजी, काही खाल्लंय का हिने?"

आजीने अभिमानाने मान आडवी हलवली. आमच्या देशात आडवी मान म्हणजे 'हो'. डॉक्टरांची मान मात्र अठरा वर्षांत जर्मन झाली होती.

"छान!" ते म्हणाले. आजीला वाटले, आपले कौतुक झाले.

नर्स गिनकाने मला झोर्नित्साच्या बोटाला लावले. बोट लोण्याने ओशट होते. त्या खोलीत खरे सांगणारे ते एकटेच होते, आणि ते माझ्या तोंडात होते. मी निमूटपणे अठ्ठ्याण्णव दाखवले, कारण तेव्हा अठ्ठ्याण्णवच होते. मग तिला औषध पाजले.

वीस मिनिटांनी तिला उलटी झाली. एक्क्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. मी ओरडत राहिलो. गिनकाने तिला कुशीवर वळवले, डॉक्टरांनी नळीने घसा साफ केला, प्राणवायू दिला. आकडा चढला, पण पुरेसा नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मला काढून आपला चिमटा लावला आणि तिला प्लेवेनच्या इस्पितळात नेले. मी रिकामा जबडा घेऊन लोंबकळत राहिलो.

संध्याकाळपर्यंत डॉक्टर फोन करत होते. "अजून सांगता येत नाही," एवढेच उत्तर येई.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच आजी दारात उभी राहिली. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. "आजी... वाचेल ना ती?"

आजी आत आली. तिने मान आडवी हलवली.

डॉक्टर पांढरेफटक पडले. मग खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाले, "मानेने नको, आजी. तोंडाने सांगा."

"हो म्हणतेय ना मी! जागी झालीय. एक बूट इथे राहिला म्हणून भोकाड पसरलंय भवानीने." आजीने डोळे पुसले. "आणि कालसुद्धा मी होच म्हणाले होते रे बाळा."

मित्रांनो, मी ओरडतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी बोलणे तुमच्याच हाती आहे. गुंगीच्या औषधापूर्वी कुणी विचारले, तर खाल्लेला शेवटचा घाससुद्धा मोठ्याने सांगा. आजी रागावली तरी सांगा.

माझ्या बिजागरीत त्या लोण्याचा एक कण अजून आहे. गिनकाने तीनदा पुसले, तरी निघाला नाही.