आठव्या पायरीवरची खूण

मित्रांनो, डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या कपाटात, जुन्या केसपेपरांखाली दबलेला मी एक पायऱ्यांचा तक्ता आहे. माझ्याशी बोलायला इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझ्यावर दहा पायऱ्या काढल्या आहेत. दुखणं सांभाळणं तुझ्या स्वतःच्या हातात किती आहे, असं विचारून मला पेशंटसमोर धरायचं आणि पेशंटने आपलं बोट ठेवायचं, एवढंच माझं काम. बोट खालच्या पायरीवर पडलं, की नर्स दर आठवड्याला घरी जायची. आठव्या किंवा त्यावरच्या पायरीवर पडलं, की फेरी बंद.

सुमंगला सिस्टर मला धरून खुशाल थांबायची. बेळगावकडून शिरगावात बांधकामावर आलेल्या सोनाबाईने पहिल्यांदा दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. साखरेचं इंजेक्शन जेवणाआधी घ्यायचं, पण जेवायला कधी सोडतील ते मुकादमाच्या मर्जीवर. सिस्टरने मुकादमाला गाठून जेवणाची वेळ ठरवून घेतली. सहा महिन्यांत सोनाबाईचं बोट सातवर गेलं. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मीही थोडा फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग सिस्टर निवृत्त झाली आणि तनया आली. मुलगी मायाळू, पण बाहेर रांग मोठी. एके दिवशी सोनाबाई तपासणीला आली, तेव्हा तिचे हात सिमेंटने भरले होते. मी मळेन म्हणून तिने ते पदराखाली घेतले. तनयाने विचारलं, "बरें आसा मगो?" सोनाबाई आपली रीत म्हणून "बरं हाय" म्हणाली. तनयाने कागदावर आठवर खूण केली. मुकादम बदलला होता, जेवण पुन्हा लांबत होतं, इंजेक्शनं चुकत होती, हे सांगायचं राहूनच गेलं. घरची फेरी बंद झाली.

चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि सोनाबाईचं पाऊल कापावं लागलं. ती कुबड्यांवर आली, तेव्हा तनयाने मला तिच्यापुढे धरलं.

"मी तवाबी दुसरीवरच होतो, बाई," सोनाबाई शांतपणे म्हणाली. "बोट मला लावू दिलं न्हाईसा."

तनया खूप रडली. मला रडता येत नाही. पण मी समोर असून काही बोललो नाही, हे विसरताही येत नाही.

सोनाबाई गावी परतली. आता प्रश्न मोबाइलवर विचारतात, मला कुणी काढत नाही. मित्रांनो, एवढीच विनवणी. कुणाला कसं आहे म्हणून विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत बसा. सोनाबाईने फार वेळ घेतला नसता.