गुलाबचंदाचा अर्धा मैल

गुलाबचंदाचा राग यावा एवढीसुद्धा उदारामच्या लेखी त्याची किंमत नव्हती.

मालगुजाराचा हा पोरगा नागपुरातल्या कॉलेजात दोनदा नापास होऊन गावी परतला, आणि आता त्याला खेळाडू व्हायचं होतं. बापाने लगेच व्यायामसंघ काढला, पोराला कप्तान केलं आणि ड्रिलमास्तर केवळराम त्याच्या दिमतीला दिला. गुलाबचंद धावण्याआधी केसांवरून कंगवा फिरवायचा. उदाराम तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीचा, बोदलकसा तलावाच्या पाळीवरून अनवाणी पळून तयार झालेला. कंगवा दिसला की तो तोंड फिरवून थुंकायचा.

सदतीस साली गोंदियाच्या स्पर्धेत मिडले रिले होती. संघ चौघांचा, पण चौघांची धाव सारखी नाही: पहिल्या दोघांनी एकेक फर्लांग, तिसऱ्याने दोन आणि शेवटच्याने अर्धा मैल, म्हणजे चार फर्लांग. शेवटी उदारामच धावणार, हे ठरल्यासारखंच होतं. पण फीत छातीने तोडतो तो शेवटचा गडी आणि फोटोही त्याचाच निघतो, हे गुलाबचंदाला आयत्या वेळी कळलं. बाप स्पर्धेच्या कमिटीचा अध्यक्ष. क्रमच उलटा झाला. अर्धा मैल आधी, फर्लांग शेवटी.

उदारामने सुरुवातीलाच एवढी आघाडी घेतली की बाकीचे वाट चुकल्यासारखे मागे राहिले. छोटेलाल आणि भैय्यालाल या दोघांनी ती सांभाळली. उरलेला फर्लांग गुलाबचंद लोकांना हात दाखवत धावला आणि फीत तोडली. हार त्याला, फोटो त्याचा. गुलाबचंद भैय्याजींनी बाजी मारून आणली म्हणत केवळराम मास्तर चक्क रडला. उदारामला गुलाबचंदापेक्षा त्या रडण्याची किळस आली.

जिंकलेला संघ नागपूरला गेला. तिथे मालगुजाराला कुत्रंही ओळखत नव्हतं. क्रम नेहमीचाच राहिला, अर्धा मैल शेवटी. सकाळी मैदानावर हे कळलं आणि मास्तराचं तोंड उतरलं. ‘आखरी नंबर मेरा’ म्हणत गावोगाव मिरवलेल्या माणसाला आता मागे सरक म्हणायचं कोणी? त्याने उदारामला बाजूला घेतलं. तूच हात जोड, म्हणाला, शेवटी मला धावू द्या अशी विनंती कर, म्हणजे त्यांचा मान राहील.

“मी कायले हात जोडू?” उदाराम म्हणाला. “त्याच्यानं होत नसन तं त्यालेच म्हणू दे.”

गुलाबचंदाने ते ऐकलं. त्याने कंगवा काढला.

तिसऱ्या टप्प्यात उदारामने पुढचे दोन्ही संघ गाठून मागे टाकले आणि काठी गुलाबचंदाच्या तळहातात नीट ठेवली. गुलाबचंद गोंदियासारखाच सुटला आणि गोंदियाएवढाच धावला. पुढचे तीन फर्लांग त्याच्या हिशेबात नव्हते. एकेक करून सगळे त्याला ओलांडून गेले. मग तो चालू लागला, आणि शेवटी मनगट धरून गवतावर बसला. उदाराम कडेला उभा राहून बघत होता. त्याला जराही वाईट वाटलं नाही. तलावात गाळ किती आहे ते उन्हाळ्यात दिसतंच.

परतीच्या गाडीत गुलाबचंदाने मनगटाला रुमाल बांधला होता. काठी तिरपी आली, मनगट मुरगळलं, नाहीतर बाजी आपलीच होती, असं तो भंडारा स्टेशन येईपर्यंत सांगत राहिला. मास्तराने मान डोलावली.

“उदाराम, तुझा हात खाली आला होता. मी पाहिलं.”

छोटेलालनेही खाली बघून हो म्हटलं.

“भैय्याजी मनगटावर पळून राहिले होते का?” उदारामने विचारलं.

समोरच्या बाकावरची एक अनोळखी बाई पदराआड हसली. बाकी कोणी हसलं नाही.

संघातून उदारामचं नाव गेलं. त्याच्या बापाला, देवचंदला, मालगुजाराने बोलावून घेतलं आणि पोराला माफी मागायला पाठव म्हणून बजावलं. देवचंद घाबरला. आई यशोदाबाईने पोराची समजूत घातली, दोन शब्द बोलून ये, तुझं काय जातं म्हणाली. उदाराम गेला नाही. त्या साली मालगुजाराच्या हुकमाने तलावाचं पाणी त्यांच्या धानाच्या बांधीला सगळ्यांच्या शेवटी सुटलं आणि धान अर्धंच पिकलं. देवचंद पोराशी बोलेनासा झाला. ते मात्र उदारामला लागलं. पण माफीसाठी त्याची जीभ वळली नाही.

पुढच्या वर्षी गोंदियाला तो एकट्याच्या अर्ध्या मैलात उतरला, कोणत्याही संघाशिवाय, आणि जिंकला. गर्दीतून वाट काढत केवळराम मास्तर आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हा आपल्याच संघाचा पोरगा, मीच तयार केलेला.

उदारामने तो हात खांद्यावरून उचलून खाली सोडला. भोंग्यावर नाव पुकारणाऱ्या माणसाकडे गेला.

“बापाचं नाव सांगा, देवचंद,” तो म्हणाला. “अन् गावाचं. आणखी कोणाचंच नको.”